हातात न्यूट्रॉन डिटेक्टर आलाय, आता पुढे काय? चेकिंगवर नवीन आलेल्यांसाठी

बंदरावर, बॉर्डरच्या नाक्यावर नाहीतर एअर कार्गोला ज्यांची नवीन ड्युटी लागलीये आणि हातात रेडिएशनचं मशीन दिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ट्रेनिंगमध्ये बहुतेक वेळ गॅमा किरणांवर जातो, कारण रोजचे अलार्म गॅमाचेच असतात, आणि न्यूट्रॉनचा भाग शेवटच्या तासात उरकला जातो. मग माणूस वर्षभर ड्युटी करतो, न्यूट्रॉनचा आकडा शून्याच्या आसपास बघायची डोळ्यांना सवय होते, आणि एखाद्या रात्री तो आकडा वर चढतो तेव्हा काय करायचं ते सुचत नाही. काही जण घाबरतात, काही जण मशीन बिघडलं असेल असं म्हणून गाडी सोडतात. दुसरं जास्त वाईट. मी बरीच वर्षं हे मशीन वापरतोय, नवीन मुलामुलींना शिकवतोय, आणि मला पोटतिडकीनं एकच सांगायचंय की न्यूट्रॉनचा अलार्म कारण सापडल्याशिवाय बंद करायचा नाही.

आधी हे डोक्यात बसवा: न्यूट्रॉन का बघायचा

गॅमा सगळीकडे आहे. टाइल्स, ग्रॅनाइट, खत, मांजराच्या पेटीत टाकायची माती, केळी, आणि नुकतंच हॉस्पिटलमधून आयोडीनचं औषध घेऊन निघालेला पेशंट, हे सगळे गॅमा मशीन वाजवतात. यातला एकही न्यूट्रॉन मशीन वाजवत नाही. निसर्गात जमिनीवर न्यूट्रॉन फार थोडे, जे आहेत ते बहुतेक वरून कॉस्मिक किरणांमुळे हवेत तयार होऊन खाली आलेले. म्हणून सामानातून न्यूट्रॉन येतायत असं पक्कं झालं की यादी एकदम छोटी होते. एक तर ते इंडस्ट्रीत वापरायचं न्यूट्रॉन सोर्स असतं, जसं अमेरिशियम-बेरिलियम किंवा कॅलिफोर्नियम-२५२, नाहीतर ते प्लुटोनियमसारखं काहीतरी असतं.

प्लुटोनियमचं कारण सांगतो. प्लुटोनियममध्ये २४० नंबरचा आयसोटोप (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) थोडा तरी असतोच, आणि तो आपणहून फुटत राहतो. एका ग्रॅममधून सेकंदाला साधारण १,००० न्यूट्रॉन. शस्त्राच्या दर्जाच्या प्लुटोनियममध्ये हा आयसोटोप ६ टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे १ किलोत ६० ग्रॅम, म्हणजे सेकंदाला ६०,००० न्यूट्रॉन, काहीही न करता, दिवसरात्र.

आता याची दुसरी बाजू, आणि ही नवीन लोकांना कोणी नीट सांगत नाही. युरेनियमसाठी न्यूट्रॉन मशीन जवळपास आंधळं आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये म्युनिकच्या विमानतळावर पोलिसांच्या सापळ्यात मॉस्कोहून आलेल्या बॅगेत ३६३ ग्रॅम प्लुटोनियम सापडलं, त्यातलं जवळपास ८७ टक्के २३९ नंबरच्या आयसोटोपचं होतं, उरलेल्यात बराचसा भाग २४० चा धरला तर त्या बॅगेतून सेकंदाला तीसेक हजार न्यूट्रॉन तरी निघत असणार. त्याच वर्षी डिसेंबरात प्रागमध्ये गाडीत २.७ किलो उच्च समृद्ध युरेनियम सापडलं, वजन सातपट जास्त, पण त्यातून निघणारे न्यूट्रॉन हजारातसुद्धा जात नाहीत. युरेनियम पकडायला त्याचा १८६ केईव्हीचा गॅमा बघावा लागतो (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप). त्यामुळे न्यूट्रॉन शून्य आला म्हणून गाडी क्लीन असं रजिस्टरला कधीही लिहू नका, फक्त "न्यूट्रॉन बॅकग्राउंडइतका" एवढंच लिहा, बॅकग्राउंड म्हणजे जवळ काही नसतानाही मशीन दाखवतं तो आकडा. दोन्ही चॅनल बघायचे, प्रत्येक वेळी.

तुमच्या हातात नक्की कोणतं मशीन आहे ते ओळखा

तीन-चार प्रकार भेटतील. पट्ट्याला लावायचा पेजर, हातात धरायचं ओळख करणारं मशीन ज्याच्यावर आयसोटोपचं नाव येतं, फक्त न्यूट्रॉन शोधायचं जास्त सेन्सिटिव्ह हँडहेल्ड, आणि पाठीवरची बॅग. पेजर तुम्हाला सावध करतो, बॅग मोठ्या जागेत शोधते, हँडहेल्ड नेमकी जागा दाखवतं, ओळख करणारं मशीन काय आहे ते सांगायचा प्रयत्न करतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की गडबड होते, पेजर घेऊन चाळीस फुटी कंटेनर शोधायला निघालेले लोक मी बघितलेत.

आत काय आहे तेही माहीत हवं. न्यूट्रॉनला चार्ज नसतो, तो सरळ सिग्नल देत नाही, त्याला आधी एखाद्या अणूनं गिळावं लागतं आणि त्यातून जे कण उडतात ते मशीन मोजतं. गिळायला तीनच अणू कामाचे, हेलियम-३, बोरॉन-१० आणि लिथियम-६. जुन्या मशीनमध्ये दाबानं भरलेली हेलियम-३ ची ट्यूब असते. हेलियम-३ हे ट्रिटियम सडून मिळतं आणि ट्रिटियम मुख्यतः अणुशस्त्रांसाठी बनवलेलं, त्यामुळे पुरवठा मर्यादित, आणि २००८-०९ च्या सुमाराला त्याचा मोठा तुटवडा पडला. तेव्हापासून बोरॉनचा थर दिलेल्या ट्यूब, लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइडचे पडदे, आणि सीएलवायसी नावाचा क्रिस्टल जो एकटाच गॅमा आणि न्यूट्रॉन दोन्ही बघतो, अशी मशीन वाढली. तुमचं कोणतं ते मॅन्युअलच्या पहिल्या पानांत असतं, वाचा, कारण पुढे खोटा अलार्म कशामुळे येतो ते यावरच ठरतं.

आणखी एक गोष्ट. फुटण्यातून निघालेला न्यूट्रॉन सेकंदाला २०,००० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातो, एवढा वेगवान न्यूट्रॉन हे अणू नीट गिळत नाहीत. म्हणून ट्यूबभोवती पॉलिथिनचा जाड थर असतो. त्यातल्या हायड्रोजनवर आपटून आपटून, साधारण १८ टकरींनंतर, त्याचा वेग सेकंदाला २.२ किलोमीटरवर येतो आणि मग तो पकडला जातो. तो पांढरा प्लास्टिकचा ठोकळा म्हणजे पॅकिंग समजून कोणी काढून ठेवला तर मशीनचा अर्धा जीव गेला. असं झालेलं मी पाहिलंय, सर्व्हिसिंगहून आलेलं मशीन, ठोकळा वेगळ्या पिशवीत, आणि कोणाला पत्ता नाही.

तुमचं शरीर पण बहुतेक पाणीच, म्हणजे तेही न्यूट्रॉनचा वेग कमी करून परत फेकतं. पेजर पट्ट्याला लावून जो आकडा येतो तो टेबलावर ठेवून येत नाही. कंपन्या पेजर तपासतानाच मागे शरीरासारखा ठोकळा ठेवतात. त्यामुळे पेजर कायम अंगाला लागूनच घाला, आणि आकडे नोंदवताना एकदा अंगावर, एकदा हात लांब करून असं करू नका.

पायरी १: शिफ्ट सुरू होताना मशीन जिवंत आहे का ते बघा

बॅटरी, तारीख, वेळ, आवाज आणि व्हायब्रेशन दोन्ही चालू. मग चेक सोर्स. बऱ्याच ठिकाणी कॅलिफोर्नियम-२५२ चा छोटा सोर्स असतो, तो नेहमी त्याच अंतरावर, त्याच बाजूनं ठेवायचा, त्यासाठी लाकडाची नाहीतर प्लास्टिकची एक पट्टी करून ठेवा म्हणजे अंतराचा वाद राहत नाही. इथे एक चूक हमखास होते. कॅलिफोर्नियम-२५२ दर २.६५ वर्षांनी निम्मा होतो. पाच वर्षं जुना सोर्स घेऊन जुन्याच आकड्याशी तुलना केली तर चांगलं मशीन खराब ठरेल. म्हणून सर्टिफिकेटवरची तारीख बघून आजचा अपेक्षित आकडा काढा आणि तो दर तीन महिन्यांनी भिंतीवर नवीन लावा. सोर्सच नसेल तर निदान बॅकग्राउंड कालच्याशी जुळतो का ते तपासा. न्यूट्रॉनचा आकडा अर्धा तास पूर्ण शून्य राहिला तर खूश होऊ नका, चॅनल मेलेला असू शकतो.

हेलियमच्या ट्यूबला हजार व्होल्टच्या वर व्होल्टेज लागतं, म्हणून कनेक्टरमध्ये ओल गेली की खोटे काउंट येतात, काउंट म्हणजे मशीननं मोजलेली एकेक नोंद. एकदा रात्रभर पाऊस होता, मशीन उघड्यावर राहिलं, सकाळी पहिल्याच ट्रकला न्यूट्रॉन अलार्म. ट्रक पाच तास थांबला, ड्रायव्हर बिचारा सारखा येऊन विचारत होता, "साहेब, माझं काही चुकलंय का?" शेवटी दुसऱ्या मशीननं मोजलं तेव्हा काहीच नव्हतं. सकाळचं तपासणं दहा मिनिटांचं, ते आमच्या टीमनं त्या दिवशी केलं नव्हतं. ट्यूबला धक्का लागला, मशीन गाडीच्या बोनेटवर आपटलं, तरी असे काउंट येतात. संशय आला तर मशीन सामानापासून लांब नेऊन हलकेच टिचकी मारून बघा, आकडा उसळला तर ते मशीन बाजूला.

पायरी २: बॅकग्राउंड, आणि इथे घाई करू नका

माझ्या मते अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच. छोट्या मशीनवर मिनिटाला एखाद-दोन काउंट, पाठीवरच्या बॅगेत सेकंदाला एक-दोन, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. आकडे इतके छोटे असल्यामुळे दहा सेकंद मोजून काहीच कळत नाही. ३०० सेकंद मोजा. गाडीपासून चांगलं दहा-पंधरा मीटर लांब, पण त्याच प्रकारच्या जमिनीवर, आणि ज्या पद्धतीनं नंतर मशीन धरणार तसंच धरून.

एक उदाहरण हातानं करून बघू. ३०० सेकंदात ६० काउंट आले, म्हणजे सेकंदाला ०.२, म्हणजे १० सेकंदांत सरासरी २. आता गाडीजवळ १० सेकंदांत ५ आले. अडीचपट! नवीन माणूस इथेच ओरडतो. पण सरासरी २ असताना निव्वळ योगायोगानं ५ किंवा जास्त यायची शक्यता ५ टक्के असते, म्हणजे वीस वेळा मोजलं तर एकदा असं होणारच. तेच ९ आले असते तर तसं योगायोगानं चार हजारात एखाद्या वेळी होतं. म्हणून ५ आल्यावर गाडी सोडायची पण नाही आणि सायरन पण वाजवायचा नाही, त्याच जागी ६० सेकंद थांबायचं. अपेक्षित १२, त्यात वर-खाली तीन-चार चालतं. १४ आले तर पुढे जा. ३० आले तर तिथे काहीतरी आहे. सवयीसाठी सोपा हिशोब असा की अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्याच्या तिप्पट-चौपट वर गेलं की गांभीर्यानं घ्यायचं, पण आकडे अगदी लहान असतील तेव्हा हा नियम फसतो, तेव्हा वेळ वाढवणं हाच उपाय.

बॅकग्राउंड जागेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे हलतो हेही लक्षात असू द्या. समुद्रसपाटीपेक्षा ३,००० मीटर उंचीवर न्यूट्रॉन साधारण दहापट मिळतात, त्यामुळे घाटाखालच्या नाक्याचे आकडे वरच्या नाक्याला चालत नाहीत. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलनं पडला की न्यूट्रॉन ७ टक्क्यांच्या आसपास वाढतात, वादळी दिवशी सगळ्याच गाड्या किंचित जास्त दाखवतात ते यामुळे. आणि लोखंडानं, शिशानं गच्च भरलेला कंटेनर असला की कॉस्मिक किरण त्या धातूवर आपटून आणखी न्यूट्रॉन काढतात, जहाजांजवळ हे पहिल्यांदा ठळक लक्षात आलं म्हणून याला शिप इफेक्ट म्हणतात. अशा कंटेनरला सगळीकडे थोडाथोडा सारखा वाढलेला आकडा येतो. एका जागी टोक, म्हणजे एकदम चढलेला आकडा, येत नाही. हा फरक पुढे खूप कामी येतो.

पायरी ३: शोधायचं कसं

अंतर म्हणजे सर्वस्व. मशीन तपासायला सेकंदाला २०,००० न्यूट्रॉन देणारा कॅलिफोर्नियम सोर्स वापरतात, तोच हिशोबाला घेऊ. एक मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला ०.१६ न्यूट्रॉन जातात. दोन मीटरवर ०.०४. आणि दहा सेंटिमीटरवर १६. म्हणजे गाडीपासून दोन पावलं लांबून मशीन फिरवलं काय आणि जवळून फिरवलं काय, यात शेकडो पटीचा फरक पडतो.

म्हणून मशीन पृष्ठभागापासून एक वीतभर अंतरावर, पण न टेकवता. हात सावकाश, सेकंदाला वीतभरच पुढे सरकेल इतका सावकाश, कारण मशीनला काउंट जमवायला वेळ लागतो, पटकन फिरवलं तर टोक मागे पडतं आणि तुम्हाला वाटतं वस्तू पुढच्या चाकाजवळ आहे, असते मागे. आधी आडव्या रांगा, मग उभ्या. ड्रायव्हरची केबिन, सीटखाली, टूलबॉक्स, स्पेअर टायर, खालची चेसिस. गाडीच्या चारही बाजू आणि शक्य असेल तर वरून, कारण आतल्या मालाप्रमाणे एका बाजूनं आकडा दबलेला असू शकतो आणि दुसऱ्या बाजूनं उघडा मिळतो. एका बाजूनं फिरून परत येऊ नका, एवढं तरी माझं ऐका.

पाठीवरची बॅग असेल तर चालायचा वेग आरामात फेरफटका मारतो तेवढा, आणि संशय आला की त्याच जागी उभं राहून हळूहळू गोल फिरा. तुमचं शरीर मशीन आणि सोर्सच्या मध्ये आलं की काउंट पडतात, पाठ सोर्सकडे असली की वाढतात. दिशा शोधायची ही पद्धत साधी आहे आणि गर्दीत कोणाला कळतही नाही. फक्त हे माहीत असू द्या की न्यूट्रॉन जमिनीवरून, भिंतीवरून परत फेकले जातात, त्यामुळे गॅमासारखी टोकदार दिशा मिळत नाही, काँक्रीटच्या कोपऱ्यात तर अजिबात नाही. शक्य असेल तर गाडी मोकळ्यावर घ्या.

पायरी ४: अलार्म झाला

पहिलं काम, श्वास घ्या आणि एक पाऊल मागे. मशीन बंद-चालू करू नका. रिसेट मारून अलार्म घालवायची सवय मी स्वतः पहिल्या वर्षी लावून घेतली होती, आणि माझ्या सीनियरनी एकदा माझा हात धरून सांगितलं, "अरे, तो आकडा पुसून टाकलास तर उद्या दाखवणार काय?" तेव्हापासून मी आधी स्क्रीनचा फोटो काढतो, मग बाकीचं.

मग क्रमानं हे बघा. गॅमा किती आहे? गॅमा प्रचंड असेल तर काही मशीनमध्ये गॅमाचे सिग्नल एकावर एक चढून न्यूट्रॉनसारखे दिसतात. अशा वेळी लांब व्हा, गॅमा खाली येईल इतकं, आणि तिथून न्यूट्रॉन परत मोजा. गॅमाबरोबर न्यूट्रॉन एकदम नाहीसा झाला तर तो बहुतेक खोटा होता, पण जोरदार गॅमा सोर्स ही स्वतःच मोठी गोष्ट आहे, ते विसरू नका. नंतर दुसरं मशीन आणा, शक्यतो वेगळ्या प्रकारचं, आणि दुसऱ्या माणसाला मोजू द्या. मग जागा, एकच टोक आहे का सगळीकडे पसरलेली वाढ आहे.

गॅमा कमी आणि न्यूट्रॉन जास्त असं दिसलं तर सगळ्यात जास्त सावध व्हा. शिसं गॅमा अडवतं पण न्यूट्रॉन त्यातून बऱ्यापैकी पार होतात, न्यूट्रॉन चॅनल वेगळा ठेवण्याचं मोठं कारण हेच आहे.

पायरी ५: अंतर आणि सुरक्षा

डोस रेट, म्हणजे शरीराला तासाला किती रेडिएशन मिळतंय ते, बघा, तो मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात आतल्या घेऱ्याची हद्द तासाला १०० मायक्रोसिव्हर्टला धरतात, आणि उघड्यावर सोर्स असल्याची शंका असेल, मोजमाप अजून झालेलं नसेल, तर सुरुवातीला सगळीकडून ३० मीटर. पण तुमच्या हातातलं डोस मीटर फक्त गॅमाचं असेल तर न्यूट्रॉनचा डोस त्यात येत नाही, आणि वेगवान न्यूट्रॉन शरीराला तेवढ्याच ऊर्जेच्या गॅमापेक्षा कितीतरी जास्त, वीसपटीपर्यंत, घातक धरले जातात. त्यामुळे गॅमाचा आकडा बघून निर्धास्त होऊन गाडीला टेकून उभं राहू नका.

पेटी उघडायची नाही. हलवायची नाही. एकापेक्षा जास्त पेट्या असतील तर त्या एकत्र आणून रचायच्या तर अजिबात नाहीत, आहेत तशा, आहेत तिथे. प्लुटोनियम बाहेरून अंगावर येतं त्यापेक्षा श्वासातून आत गेलं तर जास्त धोका, आणि बंद पेटीतून ते श्वासात जात नाही. फुटलेलं, सांडलेलं काही दिसलं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला या. तिथे खाणं, पाणी, विडी-सिगरेट सगळं बंद.

माणसांशी नीट वागा. ड्रायव्हरला नव्वद टक्के वेळा मागे काय भरलंय याची कल्पना नसते. त्याला गाडीपासून बाजूला घ्या, बसवा, पाणी द्या, फोन मात्र तुमच्या नियमाप्रमाणे. आणि तो पण तुमच्याएवढाच रेडिएशनपासून लांब राहिला पाहिजे, केबिनमध्ये बसवून ठेवू नका.

पायरी ६: कायदेशीर सोर्स आहे का

खरं सांगायचं तर सामानातून खरेच न्यूट्रॉन आले तरी बहुतेक वेळा उत्तर इथे मिळतं. रस्त्याच्या कामात मातीची ओल आणि घनता मोजायचं गेज असतं, पिवळ्या किंवा काळ्या मजबूत पेटीत, वर एक उभा दांडा. त्यात अमेरिशियम-बेरिलियम साधारण १.४८ गिगाबेक्वेरल (बेक्वेरल हे सोर्सच्या ताकदीचं माप) आणि सोबत थोडं सीझियम-१३७. याचे न्यूट्रॉन सेकंदाला नव्वदेक हजार. वर १ किलो प्लुटोनियमचा आकडा काय काढला होता आपण? ६०,०००. म्हणजे नुसत्या न्यूट्रॉनच्या काउंटवरून रस्त्याचं गेज आणि प्लुटोनियम वेगळं सांगताच येत नाही. तेलविहिरी तपासणारे लोक याहून कितीतरी मोठे सोर्स नेतात.

म्हणून कागद बघा. तिपाखी चिन्हाचं लेबल, पांढरं किंवा पिवळं, त्यावर आयसोटोपचं नाव, किती बेक्वेरल, आणि पिवळ्या लेबलवर ट्रान्सपोर्ट इंडेक्स. अशा गेजवर बहुतेक यूएन ३३३२ हा नंबर असतो. ट्रान्सपोर्ट इंडेक्स म्हणजे एक मीटरवरचा तासाचा मिलिसिव्हर्टमधला डोस गुणिले १००, त्यामुळे लेबलवर ०.५ लिहिलं असेल तर एक मीटरवर तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या वर यायला नको. हे मोजून पडताळा. लेबल आहे, कागद आहे, आयसोटोप जुळतो, डोस जुळतो, पाठवणाऱ्याला फोन केला तर तो ओळखतो, हे पाचही जमलं तरच सोडायचं. एक जरी अडलं तर थांबवायचं. कागद आहे एवढ्यावर मी कोणालाही सोडू देत नाही, कारण खऱ्या गेजच्या शेजारी दुसरं काही ठेवायला जागा भरपूर असते.

ओळख करणाऱ्या मशीननं स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे गॅमा किती आले याचा आलेख, घ्या, घाईचे तीस सेकंद नकोत, पाच-दहा मिनिटं, आणि तेवढाच वेळ लांबून बॅकग्राउंडचा स्पेक्ट्रम. सीझियमची रेघ ६६२ केईव्हीला, अमेरिशियमची ५९.५ ला, प्लुटोनियमच्या ओळखीच्या रेघा ३७५ आणि ४१४ केईव्हीच्या आसपास. पण तुम्हाला रेघा वाचता आल्याच पाहिजेत असं काही नाही. मशीन "अनोळखी" म्हणालं किंवा तीन नावं एकदम दाखवली तर फाइल तशीच्या तशी तुमच्या एक्स्पर्ट टीमला पाठवा, ती मंडळी त्यासाठीच बसलेली आहेत. पाठवताना मशीनचं मॉडेल, अंतर, मोजायचा वेळ, मध्ये काय माल होता, न्यूट्रॉनचे काउंट आणि बॅकग्राउंड एवढं लिहाच. नुसता स्पेक्ट्रम पाठवून "सर, काय आहे?" असं विचारलं की त्यांचे उलट चार फोन येतात आणि अर्धा तास जातो.

पायरी ७: कायदेशीर नसेल तर

इथून पुढे ती तुमच्या मशीनची केस राहत नाही, पुराव्याची केस होते. तुमच्या आदेशात ज्याला कळवायचं लिहिलंय त्याला कळवा, जागा बंद करा, कोण आत गेलं, कधी गेलं, कशाला हात लावला हे वेळेसकट लिहा. अणुसामग्री कुठल्या कारखान्यात, कधी बनली हे नंतर लॅबमध्ये शोधता येतं, पेटीवरची धूळ, कागद, ठसे यावरून कोणाच्या हातून आली तेही बऱ्यापैकी कळतं, पण ते तेव्हाच जेव्हा आपण तिथे हात घातलेला नसतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९९५ पासून अशा घटनांची नोंद ठेवते, देश आपापल्या घटना त्यात कळवतात, तुमच्या रजिस्टरमधली ओळ कधीतरी तिथपर्यंत जाऊ शकते, तेवढ्या काळजीनं लिहा. फोटो ग्रुपवर टाकणं पूर्ण बंद, कितीही जवळचा ग्रुप असला तरी.

एक्स्पर्ट टीम येऊन सामान घेऊन गेली की लगेच गाडी सोडू नका. त्याच जागी, तसंच मशीन धरून, परत ३०० सेकंद बॅकग्राउंड घ्या आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही जुळले तर सही करा. आकडा अजून वरच असेल तर गाडी पुन्हा चारही बाजूंनी, पहिल्या पायरीपासून.